पन्नासावा चौकोन आणि भोपळ्याच्या बिया

समजा, तुम्ही आत्ता स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभे आहात. लाल भोपळा मधोमध कापलाय आणि त्याच्या पोटात बोटं घालून तुम्ही बिया उपसताय. बिया निसटतात. गराचे केशरी दोरे त्यांना धरून असतात, चाळणीत घेऊन नळाखाली चोळल्याशिवाय सोडत नाहीत. मग बिया मिठाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवायच्या, निथळायच्या, फडक्यावर पसरून दिवसभर वाळवायच्या. वाळल्या की जाड बुडाचं भांडं मंद आंचेवर ठेवायचं, बिया एका थरात पसरायच्या आणि उलथन्यानं हलवत राहायचं. इथवर कुणालाही जमतं. आता सांगा, गॅस कधी बंद कराल? टरफल पांढरं होतं ते पांढरंच दिसतंय. आतला हिरवा दाणा दिसत नाही. घड्याळ बघून उपयोग नाही, कारण आजच्या बिया कालच्यापेक्षा जाड आहेत. मिनिटभर आधी उतरवल्या तर वातड लागतात, दोन मिनिटं उशीर झाला तर कडू.

भट्टीमास्तर या प्रश्नापुढे महिनाभर उभे होते. यात लाजिरवाणी गोष्ट अशी की वेळेवर बाहेर काढणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा होता.

अवजारांच्या कारखान्यात पोलाद कडक करण्याच्या भट्टीवर त्यांनी अडतीस वर्षं काढली. छिन्न्या, पाने, कात्र्यांची पाती. तापलेल्या पोलादाचा रंग बघायचा, तांबडा, मग केशरी, मग पिवळसर, आणि नेमक्या रंगाला ताट बाहेर ओढून तेलात सोडायचं. भट्टीला तापमापक होता, पण मास्तर आधी रंग बघायचे आणि मग तापमापक बरोबर आहे का ते तपासायचे. एका ताटात पन्नास नग बसत. एकोणपन्नास नगांचं ताट त्यांनी कधी आत जाऊ दिलं नाही. एक जागा रिकामी राहिली की शेजारचे नग वेगळे तापतात असं ते म्हणत. हे खरं आहे की नाही हे कुणी मोजलं नव्हतं, पण पन्नासावा नग शोधायला माणूस धावत मात्र जायचा.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मास्तरांना स्वतःच्या आयुष्यातली दाखवण्याजोगी वस्तू वेगळीच वाटत होती. ते त्यांचं रक्तदात्याचं कार्ड होतं. सत्ताविसाव्या वर्षी भट्टीखात्यातल्या एका सोबत्याच्या पायावर ताट पडलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा रक्त दिलं. सोबती वाचला, पुढे चांगला लठ्ठ झाला. मास्तर रक्त देत राहिले. कार्डावर दहा-दहा चौकोनांच्या पाच ओळी होत्या, प्रत्येक वेळेला एक शिक्का. निवृत्तीच्या दिवशी एकतीस शिक्के होते. पासष्ट पूर्ण झाली की ही रक्तपेढी रक्त घेत नसे. मास्तरांनी हिशेब मांडला, दर तीन महिन्यांनी जायला लागले, आणि साडेचार वर्षांत एकोणपन्नासाव्या चौकोनापर्यंत आले.

पन्नासाव्या वेळी पासष्टी गाठायला पाच महिने आणि सात दिवस बाकी होते. रक्तपेढीतल्या मुलीनं त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. रक्तात लोह पुरेसं असेल तर थेंब जड होऊन बुडतो. एकोणपन्नास वेळा मास्तरांचा थेंब दगडासारखा तळाला गेला होता. हा थेंब जरासा खाली गेला, थांबला, आणि पुन्हा वर येऊन बसला.

मास्तरांनी तिला पाणी बदलायला सांगितलं. तिनं बदललं. थेंब पुन्हा वर आला. मग तिनं यंत्रावर मोजलं. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक नऊ निघालं, हवं होतं साडेबारा.

"काका, आज नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंय असं विचारलं. तिनं मागच्या आठवड्यातली तारीख दाखवली. त्यांना तारीख आवडली नाही, पण नोंद व्यवस्थित होती. आधी डॉक्टरांना दाखवा, असं तिनं बजावून सांगितलं. या वयात लोह कमी होतं तेव्हा आतून कुठे रक्त जात नाही ना, हे बघायला लागतं. सोबत तिनं एक छापील कागद दिला. लोह देणारे पदार्थ.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कुठे काही सापडलं नाही. त्यांनी कार्ड उलटसुलट बघितलं, तारखांवरून बोट फिरवलं आणि विचारलं की ही घाई कशासाठी होती. मास्तर म्हणाले, ताट भरायचं होतं. डॉक्टरांना ते कळलं नाही. टाकी भरायच्या आत तुम्ही तोटी सोडताय, एवढं सांगून त्यांनी आहार सुधारायला सांगितला, आणि चार महिन्यांत आकडा वर आला नाही तर गोळ्या सुरू करू म्हणाले.

घरी येऊन मास्तरांनी छापील कागद टेबलावर पसरला. पालेभाज्या, कडधान्यं, खजूर, तीळ असं करत यादी खाली जात होती. बहुतेक सगळं बायकोच्या अखत्यारीत होतं. शेवटून दुसरी ओळ होती भोपळ्याच्या भाजलेल्या बिया. भाजणं हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. इथे आपला अधिकार पोहोचतो, असं त्यांना वाटलं.

सून पिठाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत धान्यातला ओलावा मोजायची. मुलगा जहाजावर असल्यामुळे घरात आकड्यांचं बोलायला मास्तरांना तीच होती. तिनं शोधून सांगितलं की सोललेल्या तीसेक ग्रॅम बियांमध्ये, म्हणजे साधारण मूठभर दाण्यांत, अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि दिवसभराच्या गरजेपैकी एक तृतीयांशाहून जास्त मॅग्नेशियम. शिवाय जस्त, मँगनीज आणि थोडं तांबं.

मास्तरांनी धातू बोटांवर मोजले. "ही बी आहे की मिश्रधातू?" त्यांनी विचारलं.

"पण बाबा, बियांतलं लोह शरीर फार थोडं उचलतं," सून म्हणाली. "नुसत्या बियांवर विसंबू नका."

विसंबायचं नाही हे त्यांनी मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी वही आणली. वहीत घाणा क्रमांक, बियांचं वजन, आंच, वेळ, रंग आणि शेरा असे रकाने आखले.

पहिला घाणा त्यांनी रंगावर काढला. टरफल वाळक्या गवतासारखं पिवळं होईपर्यंत थांबले. तोपर्यंत आतला दाणा कोळशाच्या वाटेला लागला होता. शेरा लिहिला, कडू. दुसरा घाणा त्यांनी सावधपणे लवकर काढला. शेरा होता, वातड, सूनबाईंनी नम्रपणे खाल्ल्या. तिसऱ्याला वेळ बरोबर साधली होती, पण गॅस बंद करून बिया भांड्यातच निवू दिल्या. पोलाद मऊ करायचं असलं की ते भट्टीतच सावकाश निवू देतात, त्याच हिशेबानं. जाड भांड्यानं आपली राहिलेली उष्णता बियांना दिली आणि त्यांनी ती घेतली. तेव्हापासून ते भाजलेल्या बिया लगेच परातीत ओतायला लागले. मिठाचं पाणी मात्र त्यांना शेवटपर्यंत खटकलं. पोलादाला आधी आग आणि मग पाणी देतात. इथे आधी पाणी आणि मग आग. हा क्रम त्यांनी वहीत लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आणखी एक अडचण होती. रोज मूठभर दाणे निघायचे तर दर दोन-तीन दिवसांनी एक भोपळा लागत होता, आणि भोपळ्याला बियांखेरीज भोपळाही असतो. पहिले पंधरा दिवस घरानं तो खाल्ला. सून नंतर डबा न नेता गिरणीतच जेवायला लागली. शेवटी बायकोनं कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या आचाऱ्याशी बोलून घेतलं. तो रोजचे सहा-सात भोपळे कापायचा आणि बिया टाकून द्यायचा. मास्तर बादली घेऊन गेले तेव्हा त्यानं गंभीरपणे वाटणी सांगितली, "भोपळा माझा, आतडी तुमची."

आता माल भरपूर होता आणि एकही घाणा दुसऱ्यासारखा निघत नव्हता. फक्त एक गोष्ट नियमित होती. मास्तर उलथनं फिरवत असायचे, बायको पलीकडच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत असायची, आणि मधूनच भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "झाल्या."

मास्तर मनावर घ्यायचे नाहीत. भट्टीसमोर कोण उभं आहे आणि इस्त्रीसमोर कोण, हे त्यांना कळत होतं. ते आणखी दोन मिनिटं थांबायचे आणि वहीत कडू लिहायचे. बाविसाव्या घाण्याला त्यांनी निव्वळ चाचणी म्हणून तिचं ऐकलं. दाणे खुसखुशीत निघाले, आतून फिकट हिरवे, तोंडात लोण्यासारखे. तेविसाव्यालाही तसंच झालं.

मग त्यांनी तिच्या वेळा लिहायला घेतल्या. नऊ मिनिटं, सात, साडेअकरा, आठ. त्यात काही सूत्र सापडेना. वासावरून ओळखत असेल म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचा दरवाजा लोटला आणि फटीला फडकं लावलं. पलीकडून किंचित दबका आवाज आला, "झाल्या."

मास्तर उलथनं हातात घेऊनच तिच्या खोलीत गेले आणि हे तुला कसं कळतं असं त्यांनी विचारलं.

"वाजतात ना," ती म्हणाली.

"काय वाजतं?"

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. त्यांच्या मागोमाग ती ओट्यापाशी आली, कान न देता नुसती उभी राहिली. "आधी एखादीच फुटते. मग तडतड वाढते. ती जरा विरळ झाली की झाल्या. ऐका, आता मधूनमधूनच तडतडतायत."

मास्तर भांड्यावर वाकले. वाफ चष्म्यावर आली. चष्मा पुसून पाहिलं तर बिया अधूनमधून जागच्या जागी उडी मारत होत्या. त्या उड्या त्यांनी कितीदा पाहिल्या होत्या. आवाज काहीच नव्हता. मुक्या माणसांची सभा भरावी तशा बिया उडत होत्या.

"अडतीस वर्षं त्या भट्टीच्या पंख्याशेजारी उभे होतात," बायको म्हणाली. "बारीक आवाज गेलेत तुमचे."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आपला मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून. तुम्ही खुळखुळा हलवून मला विचारायचात, हा बिघडलाय का."

मास्तरांना तो खुळखुळा आठवला. त्यांनी तो उघडून आतले मणी तपासले होते. मणी सगळे जागेवर होते, तरीही त्यांनी नवा आणला होता. तोही बिघडलेला निघाला होता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. बारीक आवाजात सांगितलं असेन." ती इस्त्रीकडे परत निघाली. जाताना म्हणाली, "करपल्या आता त्या."

त्या घाण्याच्या शेऱ्यात मास्तरांनी फक्त तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी वहीत एक नवा रकाना आला, आवाज, आणि त्यात रोज एकच अक्षर पडायला लागलं, ती. मास्तरांनी आंच सांभाळायची, हात चालवायचा, बियांचा थर सारखा ठेवायचा. तिनं पलीकडून झाल्या म्हणायचं. मास्तर तत्क्षणी परातीत ओतायचे. भट्टीखात्यात त्यांच्या हाताखाली बारा माणसं होती. एखाद्याच्या हाताखाली आपण पहिल्यांदाच काम करत होतो, आणि माल सुधारला होता, हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

दोन महिने पुरे झाले तसे ते रक्तपेढीत गेले. थेंब निळ्या पाण्यात मध्यावर रेंगाळला आणि वर आला. आकडा बारा पूर्णांक एक. मास्तरांनी वही उघडून मुलीपुढे ठेवली. घाणे, वजनं, रोजची खाल्लेली मूठ. तिनं पानं मन लावून चाळली.

"काका, हे कशाबरोबर खाता?"

"चहाबरोबर."

"म्हणजे दुपारचा एक कप?"

मास्तरांनी हातानं पेल्याची उंची दाखवली. भट्टीवर काम केलेल्या माणसाचा चहा काळा आणि कडक असतो, आणि तो पेल्यात असतो.

मुलीनं वही मिटली. चहा बियांतलं लोह आतड्याजवळच अडवतो, तिनं समजावलं. उलट लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त घेतलं जातं. चहा खाण्याच्या तासभर आधी प्या, नाहीतर तासाभरानं प्या. मास्तर उठले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि त्यांनी विचारलं की हे छापील कागदावर का नाही. तिनं कागद उलटा करून दाखवला. मागच्या बाजूला होतं.

पासष्टीला आता तीन महिने आणि सात दिवस होते. चहा हलवला गेला. हे लिहायला सोपं आहे. मास्तरांचा चार वाजताचा चहा पाच वाजता गेला तेव्हा चार ते पाच या वेळात घरातलं कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. बियांवर लिंबू पिळलं जाऊ लागलं. संध्याकाळी दोघं नवराबायको टेबलाशी बसून टरफलं सोलायची, ढीग वाढायचा. पहिल्या आठवड्यात मास्तर टरफल सोलताना चहाबद्दल बोलत असत. नंतर बोलणं कमी झालं. नंतर बायको बोलायची आणि ते तिच्या तोंडाकडे बघून ऐकायचे. आपण बरीच वर्षं असंच ऐकत आलो असणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी ते तिसऱ्यांदा गेले. या वेळी बायको बरोबर होती. मुलीनं बोट पुसलं, टोचलं, थेंब सोडला. मास्तर भट्टीच्या झरोक्यातून बघावं तसे त्या निळ्या पाण्यात डोळे बारीक करून बघत होते. थेंब पृष्ठभागाखाली गेला, मध्यावर आला, तिथे त्यानं किंचित विचार केल्यासारखं केलं, आणि तळाला जाऊन बसला. यंत्रानं बारा पूर्णांक सात दाखवलं. डॉक्टरांचा कागद बघून रक्तपेढीच्या डॉक्टरांनी सही केली. मास्तर खाटेवर आडवे झाले. पिशवी भरायला जेमतेम आठ मिनिटं लागली. ती वहीत लिहिता येईनात, कारण लिहिण्याचा हात गुंतला होता.

पन्नासाव्या चौकोनात शिक्का पडला. तो जरा तिरका पडला. मास्तरांनी त्यावर फुंकर मारून कार्ड खिशात ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि सुनेला सांगितलं की प्रयोग पूर्ण झाला, निष्कर्ष लिहून घे. बियांनी सहा दशांशांनी आकडा चढवला, चहा हलवल्यावर. सून लिहायला बसली आणि थांबली.

"बाबा, मी तुमच्या रात्रीच्या जेवणात मोड आलेली कडधान्यं वाढवली होती. तीन महिने झाले. तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"मी भाज्या लोखंडी कढईत करतेय. पहिल्यांदा तुमचा थेंब तरंगला ना, त्या दिवसापासून."

"मला सांगितलं नाहीस?"

"मोठ्यानं सांगितलं होतं."

मास्तरांनी वहीत दोन रकाने वाढवायला पट्टी घेतली. तेवढ्यात सुनेनं हळूच आणखी एक गोष्ट काढली. याआधी ते दर तीन महिन्यांनी रक्त देत होते. या वेळी मध्ये आठ महिने गेले. शरीराला विश्रांती मिळाली. लोह साठायला नुसता वेळही पुरला असेल. बिया खाल्ल्या नसत्या तर काय झालं असतं, हे बघायला अगदी असाच दुसरा माणूस हवा होता. चौसष्ट वर्षांचा, एकोणपन्नास शिक्क्यांचा, घरातल्या लोखंडी कढईतलं जेवणारा, आणि बियांना हात न लावणारा.

असा माणूस मास्तरांच्या ओळखीत नव्हता. त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग उठून त्यांनी आदल्या दिवशी वाळवलेल्या बिया घेतल्या, भांडं मंद आंचेवर ठेवलं आणि हात फिरवायला सुरुवात केली. कार्ड भरलं होतं, रक्त आता कुणी घेणार नव्हतं, पण बिया वाळलेल्या होत्या. घाणा क्रमांक एकशे सदतीस. बिया उड्या मारत होत्या, मूकपणे. भिंतीपलीकडून बायको म्हणाली, "झाल्या." मास्तरांनी परातीत ओतल्या, दाणे निवेपर्यंत वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे इतके दिवस कडू, वातड, उत्तम असं लिहिलं होतं, तिथे लिहिलं:

त्या सहा दशांशांत बियांचे किती?